हव्वाबीच्या हातचं कालवण

आखातातल्या रुवैसच्या कंपनी कॉलनीत हेमचंद्र जोगळेकरांना कुणाचा हेवा वाटावा असं काही नव्हतं. रिफायनरीच्या अकाउंट्समध्ये बरी नोकरी होती, थंडगार फ्लॅट होता, आणि दर शुक्रवारी सुट्टीला स्वतःच्या हातची चिंचगुळाची आमटी होती. मराठी मंडळाची माणसं अबू धाबीहून ती खायला येतात, असं ते सांगत. एकदा दोघं आले होते, हे खरं. तरीही या भल्या माणसाला हेवा वाटला, आणि वाटला तो समोरच्या फ्लॅटमधल्या हव्वाबीचा.

निमित्त झालं बायकोचं ऑपरेशन. मृणालिनीचं वजन गुडघ्यांना पेलेना, तेव्हा २००३ च्या फेब्रुवारीत मुंबईला नेऊन तिचं पोट लहान करून आणलं. "आता घास मोजकेच जाणार," डॉक्टर म्हणाले, "तेव्हा आधी प्रोटीन, बाकी सगळं नंतर. आणि गोड बंद." हेमचंद्रांनी घरातला साखरेचा डबा उचलून हव्वाबीला देऊन टाकला. आमटीतला गूळ मात्र राहिला. तो काही गोडात धरायचा नसतो, तो संस्कार.

डाळीत प्रोटीन असतंच, या हिशेबाने ते तिला आमटी वाढत राहिले. चार चमचे पोटात गेले की तिला दरदरून घाम फुटे, मळमळे, आणि ती जाऊन आडवी होई. पनीर घशाखाली उतरेना. डब्यातल्या पावडरीच्या वासाने ओकारी येई. मे महिन्यात केस गळायला लागले. विंचरताना हातात पुंजका येई, आणि ती तो मुकाट्याने कचऱ्यात टाकी.

मग ती दुपारची हव्वाबीकडे जेवायला लागली. हव्वाबी श्रीवर्धनची, नवरा प्लांटवर फोरमन. मृणालिनी अलिबागची. माहेरी मासळीशिवाय तिला घास उतरत नसे, पण लग्न झालं आणि तिने मासळी सोडली. "माझ्यासाठी सोडली, पुन्हा नाव काढलं नाही," हे हेमचंद्र चारचौघांत छाती फुगवून सांगत. आणि आता ही बाई समोरच्या घरी बसून उघडउघड सुरमई खात होती.

एका गुरुवारी ते ऑफिसातून लवकर आले. हव्वाबीचं दार उघडंच होतं. मृणालिनी सुरमईचा मऊ तुकडा बोटांनी सोडवून तोंडात घालत होती आणि तिचे डोळे मिटलेले होते.

"सावकाश गो," हव्वाबी म्हणत होती, "कोण पळवून नेत नाय."

हेमचंद्रांच्या पोटात आग पडली. इतक्या वर्षांत त्यांच्या आमटीवर तिने कधी डोळे मिटले नव्हते. परक्या पुरुषाकडे बघून हसली असती तर भांडता तरी आलं असतं. सुरमईशी भांडायचं कसं?

"आपलं घर प्युअर व्हेज आहे," जेवताना ते म्हणाले.

"घर आहेच," मृणालिनी म्हणाली. "पोट माझं आहे."

"बाबा, इट्स जस्ट फिश," दहावीतल्या अंतराने ताटातून मान वर न करता निकाल दिला.

जूनअखेर शाळा बंद झाल्या आणि हव्वाबी मुलांना घेऊन गावी निघाली. हेमचंद्रांनी स्वतः तिच्या बॅगा गाडीत चढवल्या. शेजाऱ्याला इतक्या उत्साहाने निरोप त्या कॉलनीत कुणी दिला नसेल.

घरात पुन्हा आमटी सुरू झाली, आणि थोड्याच दिवसांत मृणालिनी भोवळ येऊन ओट्याशी खाली बसली. पूर्वी तिला हात देऊन उठवताना दोघांनाही धाप लागे. आता ती अलगद वर आली. हेमचंद्रांना तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली. त्यांनी श्रीवर्धनला फोन लावला.

"हव्वाबी, ते कालवण कसं करता?"

"सोपं आहे भाऊ. तेल नावाला. हळद, मीठ, कोकम. गूळ नको हां. तिला कालवणात गोड कधीच आवडत नाय, आणि आता तर सोसत पण नाय. तुम्हाला ठाऊकच असेल."

"हो, हो, ठाऊक आहे," हेमचंद्र म्हणाले.

त्यांना ठाऊक नव्हतं. बावीस वर्षं ही बाई त्यांची आमटी निमूट खात आली होती, आणि आवडत नाही हे सांगितलं कुणाला, तर समोरच्या हव्वाबीला. सुरमईपेक्षा हे जास्त झोंबलं.

संध्याकाळी सुपरमार्केटच्या मासळीच्या काउंटरवर त्यांना पाहून मल्याळी माणूस चकित झाला. "साब, आप?"

"किंगफिश," सुरमईकडे बोट दाखवून ते म्हणाले. "मिसेस के लिए. काटा निकाल के देना, यल्ला, जल्दी."

नाकाला रुमाल बांधून त्यांनी कालवण केलं. सवयीने हात गुळाच्या डब्याकडे गेला, तो त्यांनी मागे घेतला. वाटी मृणालिनीपुढे ठेवून ते समोर बसले. तिने एक तुकडा खाल्ला, सावकाश चावला. मग दुसरा. आणि तिचे डोळे मिटले.

"अगदी हव्वाबीच्या हातचं झालंय," ती म्हणाली, आणि तिने वाटी पुढे केली.

हेमचंद्रांच्या पोटात पुन्हा तीच आग पडली. जळत जळतच त्यांनी तिला आणखी एक तुकडा वाढला.