राजाचं मुंडकं

काकांचा जन्म ज्या संताच्या सणाला झाला, त्याचंच नाव त्यांना बाप्तिस्म्यात मिळालं. हा संत म्हणजे हजारभर वर्षांपूर्वीचा इंग्रजांचा एक राजा. समुद्रातून आलेल्या लुटारूंनी त्याला धर्म सोडायला सांगितलं. त्यानं नकार दिला, तेव्हा झाडाला बांधून बाण मारले आणि मुंडकं तोडून रानात फेकलं. प्रजा "राजा, कुठं आहेस?" म्हणत फिरली, तर मुंडकंच बोललं, "इकडं, इकडं, इकडं!" बघतात तो एक लांडगा पंजात धरून ते राखत बसलेला.

आता काकांना मी आठवत नाही, राजा आठवतो. रोज संध्याकाळी रोझरीची प्रार्थना झाली की म्हणतात, "सांग." त्यांची आंघोळ, औषधं, चादरी यांत माझा दिवस सरतो. संताच्या सणाला मात्र त्यांनी दुपारीच सांगायला लावलं, आणि जेवण तर अंगावर आलं होतं. मी भराभर बाण मारले, मुंडकं रानात टाकलं आणि "आमेन" म्हणून आडवा झालो.

"मंग मुंडकं गावलं नाय?" काकांनी विचारलं.

"गावेल उद्या."

जाग आली तेव्हा खाट रिकामी, मागचं दार सताड उघडं. मागे केळीची वाडी, आणि वाडीत बावखल, म्हणजे आमचं जुनं तळं, काठोकाठ भरलेलं. अनवाणीच धावलो. काका काठावर वाकून पाण्यात शोधत होते.

"काका, घरी चला."

"मुंडकं सोडून? तू जा."

त्यांचे पाय चिखलात सरकत होते. धरायला धावलो असतो तर ते दचकून आतच गेले असते. मग हा निवृत्त मुख्याध्यापक केळीच्या आड चिखलात उकिडवा बसला आणि ओरडला, "इकडं, इकडं, इकडं!"

"काय ओ मास्तर," कुंपणापलीकडून शेजारीण, "कोंबडी हरवली काय?"

पण काका वळले. एकेक पाऊल टाकत आले, दोन्ही हातांनी माझं डोकं धरलं, चाचपलं.

"गावलं," म्हणाले. "पन राजाला पार टक्कल पडलंय."

"रानात फार दिवस काढले," मी म्हणालो.

डोकं काही त्यांनी सोडलं नाही. घरापर्यंत वाकूनच चालत आलो. मान अजून धरलेली आहे.

संध्याकाळी रोझरी झाली. "सांग," काका म्हणाले.

या वेळी मी मुंडकं आधी शोधून ठेवलं, मग तोडलं.