शेवटी लिहिलेली ओळ

सिंदेवाहीत विहाराला लागून असलेल्या अभ्यासिकेत गुणवंतरावांनी सव्वीस वर्षे पुस्तकांची नोंदवही सांभाळली. एक नियम त्यांनी कधी मोडला नाही: वरच्या ओळींना हात लावायचा नाही, नवे आले की शेवटी लिहायचे. खाडाखोड करणारा माणूस त्यांच्या लेखी अर्धा खोटा होता.

त्यांची मुलगी रश्मी सिकलसेल या रक्ताच्या आजाराने गेली तेव्हा एकतीस वर्षांची होती. चंद्रपूरच्या एका लहान संस्थेसाठी तिने गणिताचे बावन्न पाठ चित्रित केले होते. ते त्या संस्थेच्या संकेतस्थळावर होते, दुसरीकडे कुठेच नाहीत. लेकीचा आवाज उरला होता तो एवढाच.

अभ्यासिकेतले इंटरनेट मंद. म्हणून एका जुन्या संगणकावर प्रॉक्सी बसवलेली होती. बाहेरून एकदा आलेली फाइल ती जवळ ठेवी आणि पुढच्या मागणाऱ्याला जवळचीच देई. पण चार एमबीपेक्षा मोठी फाइल ती ठेवत नसे, आणि रश्मीचा एकेक पाठ दोनशेचा. गुणवंतरावांनी महिनाभर वाचून, विचारून मर्यादा पाचशेवर नेणारी ओळ शिकून घेतली आणि सेटिंगच्या फाइलमध्ये, सवयीने, अगदी शेवटी लिहिली. मग साठ्यात यावेत म्हणून बावन्नही पाठ पहिल्यापासून अखेरपर्यंत चालवले. दुसऱ्यांदा लावतानाही पडद्यावरचे चाक बराच वेळ फिरे. संगणक म्हातारा झाला, असे ते म्हणत.

दोन वर्षांनी संस्था मोडली. महिनाअखेरीस संकेतस्थळ बंद होणार, अशी सूचना आली.

"भाऊ, पाठ पेन ड्राइव्हमंदी घेऊन ठेवू का?" तिथे परीक्षेची तयारी करणाऱ्या पुनमने विचारले.

"काऊन? इथीच तर हाये सारं. माह्या हातानं ठेवलं मी."

"तुमी तर कम्प्युटरवाल्यायचे बी गुरुजी झाले, भाऊ!"

ते हसले. लेक गेल्यानंतर त्यांना हसताना पुनम प्रथमच पाहत होती.

पहिल्या तारखेला रश्मीची आई गुणाबाई अभ्यासिकेत आल्या. लेकीचा आवाज सोसवणार नाही, म्हणून त्या दोन वर्षे तिकडे फिरकल्या नव्हत्या.

"लावा," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "आज ऐकीन मी."

पान उघडले. बावन्न चौकटी, प्रत्येकीत रश्मीचा लहानसा फोटो. गुणवंतरावांनी पहिली चौकट दाबली. काही आले नाही. दुसरी, तिसरी, विसावी दाबली. संस्थेला फोन लावला; तो नंबर बंद होता.

पुनमने सेटिंगची फाइल उघडली आणि बराच वेळ वाचत राहिली.

"भाऊ, साठा कुठी करायचा ते ओळ वर हाये, अन् तुमची मर्यादा तिच्या खाली. हे वरून खाली वाचत येते. साठा उघडला तवा जुनीच चार एमबीची मर्यादा धरली यानं."

पान आणि फोटो लहान होते, म्हणून साठ्यात राहिले. पाठ दर वेळी दुरून येत होते आणि तसेच निघून जात होते. गुणवंतरावांनी एकदाही तपासले नव्हते. स्वतःच्या नेकीवर त्यांचा इतका भरवसा होता की तपासायचे त्यांना सुचलेच नाही.

ते उठून बायकोसमोर उभे राहिले. "माह्या हातानं गेलं, रश्मीची माय. फोटो तेवढे राह्यले."

"फोटो तर घरी बी हाये," गुणाबाई म्हणाल्या. त्या रागावल्या नाहीत, आणि ते गुणवंतरावांना अधिक जड गेले.

थोड्या वेळाने त्या पुनमकडे वळल्या. "तू तर पाह्यले ना सारे? काय सांगे पोरगी?"

"अपूर्णांक, बाई. छेद सारखा काऊन करायचा, ते."

"ते नाई वं. कशी सांगे?"

पहिल्या पाठाचे पहिले वाक्य पुनमला शब्दन् शब्द पाठ होते. डोळे मिटून तिने ते म्हटले. ते पुनमच्या स्वतःच्याच आवाजात उमटले. गुणाबाईंनी हळूच नकारार्थी मान हलवली, आणि तिचा हात धरून पुन्हा म्हणायला सांगितले.