मेंढरांचं कुत्रं

आक्का आपल्या कुत्र्याचे लाड करत नसे आणि कुणाला करूही देत नसे. माझ्या मुलीने एकदा काळूपुढे बिस्कीट धरलं, तर आक्काने ते काढून घेतलं आणि मला म्हणाली, "वहिनी, माणसाचा लळा लागला की ते माणसामागं जातं. मला ते मेंढरात ऱ्हायला पाहिजे."

नांदगावजवळच्या आमच्या शेतात कांदा निघाला की खतासाठी आक्का आणि तिचा नवरा भिवाबा मेंढ्या बसवत. काळूला डोळे उघडल्यापासून तिने कोकरांत ठेवलं होतं, मेंढीच्या दुधावर वाढवलं होतं. तो त्यांच्यातच झोपे, नवं कोकरू चाटून काढी, परकं माणूस दिसलं की आडवा येई. बिबट्या मानेलाच धरतो म्हणून त्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा असे. पट्ट्याखालची कातडी सोलवटली का, हे आक्का रोज बघे. पायातले काटे काढी, कानातल्या गोचड्या ओढी. भाकरी नवऱ्याआधी त्याला. भिवाबांनी कुरकुर केली की म्हणे, "तुमी जेवून झोपता. त्याला जागायचंय."

एका वर्षी त्याला लस टोचायचं राहून गेलं. त्याच वर्षी पिसाळलेला कोल्हा कळपात शिरला. काळूने त्याला मारलं, पण नाकाडावर चावा बसला. काही आठवड्यांनी काळूने पाणी सोडलं आणि कोकरांकडे भलत्याच नजरेने बघू लागला. आक्काने ओळखलं. लांब काठीला फास लावून तिने त्याला दूरच्या बाभळीला बांधलं आणि तळावरच्या सगळ्यांना इंजेक्शनं घ्यायला लावली. जनावरांच्या डॉक्टरांनी काळूला संपवलं तेव्हा ती तिथेच उभी होती. "माझ्याच्यानं ऱ्हायलं," एवढंच म्हणाली.

तिने नात्यातल्या कळपातून एक पिल्लू आणलं. ते राखणीला यायला वर्ष तरी जाणार होतं. तोवर कुऱ्हाड उशाशी घेऊन ती स्वतःच मेंढ्यांत झोपू लागली.

पुढे त्यांचा तळ निफाडकडे, उसाच्या कडेला पडला. तिथे बिबट्या पिल्लावर आला. आक्काने पिल्लाला पोटाशी घेतलं, असं भिवाबांनी मला नंतर सांगितलं. ते बॅटरी घेऊन पोचेपर्यंत बिबट्या गेला होता. पिल्लू तिच्याखाली कुईकुई करत होतं. आक्का गेली होती.

पुढच्या हंगामात भिवाबा एकटेच कळप घेऊन आले. पिल्लाचा दांडगा कुत्रा झाला होता. मला बघून तो गुरगुरत आडवा आला. माझ्या जावेने भिवाबांना विचारलं, ज्याच्यापायी बाई गेली ते जनावर डोळ्यांसमोर बघवतं कसं? भिवाबा त्याच्या पायातला काटा शोधत होते.

"मेंढरांना कुत्रं लागतं," ते म्हणाले.

काटा निघाला. त्यांनी पाय सोडला, कुत्रा कळपात गेला. तिकडे बघत भिवाबा मला म्हणाले, "सकाळी उठलो की मी अजून तिलाच हाक मारतो, वहिनी. हे येऊन उभं ऱ्हातं."