दीड सूत लांब विमान

मी तापट आहे याबद्दल अकोल्याच्या आमच्या गल्लीत दुमत नव्हतं. नळावर मी दिसले की बाया आपापल्या घागरी मुकाट्याने मागे घेत. पण त्या साली उन्हाळ्यात मी दोन महिने कुणाशी एक शब्द भांडले नाही. माझ्या हातात विमान होतं.

दादा हवाई दलात होता. उडणारा नव्हे, जमिनीवरचा. विमानात कॅमेरे बसवायचे, उतरवायचे, त्यांच्या काचा पुसायच्या, एवढंच त्याचं काम. एका सुटीत त्याने माझ्यासाठी खोक्यात घातलेलं विलायती विमान आणलं. म्हणजे प्लॅस्टिकचे सुटे तुकडे, ते चिकटवून आपण विमान करायचं. विमानाचं नाव मी सांगणार नाही. त्याने तेव्हा शपथ घातली होती आणि ‘सुटली’ असं तो अजून म्हणालेला नाही.

“आमचं असंच हाये,” तो म्हणाला. “पन हे बाँब टाकनारं, आमचं फोटो काढनारं. आमची मान थोडी लांब हाये. बाकी सारं सेम.” किती लांब, ते त्याने माझ्या वहीवर हिशेब करून दाखवलं. या खेळण्याच्या मापात दीड सूत, इंचाच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी.

तो ड्यूटीवर परत गेला आणि दुसऱ्या दिवशी मायने ते खोकं पाहिलं. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण खोक्यावरचं चित्र वाचायला इंग्रजी कशाला लागतं? विमानाच्या पोटाची दारं उघडी, त्यातून बाँब पडताहेत आणि खाली धूर. “माहा बाबू हे करते?” तिने विचारलं. मी शंभरदा सांगितलं, की त्याचं विमान वेगळं, ते फोटो काढतं. तिने ऐकून घेतलं आणि ती भाकरी थापायला निघून गेली.

आमच्या घरी रोज सकाळी बुद्धाच्या तसबिरीपुढे माय पंचशील म्हणायची. दीक्षा घेतल्यापासून एक दिवस चुकला नव्हता. त्या दिवसापासून ती दुसऱ्या शीलापासून सुरुवात करू लागली. पहिलं, जीवहत्या न करण्याचं, ते गाळून. मी विचारलं तर म्हणाली, “कोन्या तोंडानं म्हनू? पोराचा पगार खातो आपुन.” दादाला कळलं असतं तर तो नोकरी सोडून आला असता. त्याचा स्वभाव तसाच. आणि ती नोकरी त्याने कशी मिळवली होती, कुठल्या कुठल्या दारांतून परत फिरून, ते मला माहीत होतं. मी ठरवलं, खोक्यातल्या बाँबवाल्याचा फोटोवाला करायचा आणि मायच्या हातात ठेवायचा.

परीक्षा संपताच खोकं पिशवीत घालून मी एसटीने अमरावतीला मामाकडे गेले. मामा पेंटर. दुकानांच्या पाट्या रंगवायचा. मला पाहून म्हणाला, “आलं का वादळ? कोनाशी भांडून आली?” मी सगळं सांगितलं. त्याने तुकडे उलटसुलट पाहिले, बिडी विझवली आणि म्हणाला, “बहिनीसाठी हाये म्हनतं, मंग करूच.”

पहिल्याच दिवशी त्याने एक पंख थिनरने पुसला. पाटी पुसावी तसा. पंखाचं टोक मऊ होऊन बोटालाच चिकटलं. एरवी मी दुकान डोक्यावर घेतलं असतं. त्या दिवशी दात आवळून बसले. मामाच घाबरला. “बोल व काई,” म्हणाला, “तू गप बसली की भेव वाटते मले.”

मान वाढवायला कॅरमची सोंगटी कामी आली. मामाच्या शेजाऱ्याकडची एक काळी सोंगटी मी मागून आणली आणि कानशीने घासत बसले. चार दिवस घासत होते. जाडीला दीड सूत, गोलाईला विमानाच्या अंगाइतकी. मग पात्याने विमानाची मान कापली. कापण्याआधी तीनदा मोजलं, कारण दुसरं विमान आणायचं कुठून? मध्ये सोंगटी बसवली, दोन्हीकडून चिकटवलं. तापवलेल्या सुईने कॅमेऱ्याच्या खिडक्या पाडल्या.

फटी बुजवायला मामाने लांबी मळली, खडूची भुकटी आणि अळशीचं तेल घालून. मानेच्या फटी त्याने अशा बुजवल्या, की सोंगटी कुठे संपते ते नखालाही कळेना. आणि त्याच हाताने पुढे सरकत त्याने पोटावरच्या दारांच्या खाचाही भरून टाकल्या. “माह्या हातून खड्डा राह्यत नसते,” म्हणाला. मला माहीत होतं, दादाने बाकी सारं सेम म्हटलं होतं. दारं असणार. पण ते बंद, गुळगुळीत पोट पाहिलं आणि मला इतका आनंद झाला, की मी मामाला थांबवलं नाही. उलट म्हटलं, “आनखी एक हात मारा.”

शेवटी त्याने पंखांवर तिरंगी गोल काढले आणि आत निळं अशोकचक्र. चोवीस आरे, दोन केसांच्या कुंचल्याने. विमानावर चक्र नसतं हे आम्हाला कुणी सांगितलं होतं? तिरंगा म्हटला की चक्र आलंच, आमच्या घरात तर आलंच आलं.

अकोल्याला येऊन मी विमान मायच्या ओंजळीत ठेवलं. “पाय, पोट बंद हाये. बाँब पडन कुठून?” तिने अंगठा पोटावरून फिरवला. मग चक्रावरून फिरवला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पहिल्या शीलापासून म्हटलं, मोठ्याने. मी चुलीशी बसून ढसाढसा रडले आणि चहा उतू गेला.

दसऱ्याच्या सुमारास दादा सुटीवर आला. स्टेशनावरच मी त्याला गाठून सगळं सांगितलं आणि पोटाबद्दल अवाक्षर काढू नको म्हणून बजावलं. तो कसानुसा “बरं” म्हणाला. घरी विमान पाहून आधी तो चक्राला हसला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग त्याने ते उलटं केलं आणि हसू थांबलं.

“काहून रे बाबू?” मायने विचारलं. “तुह्या इमानाचं पोट असंच हाये ना?”

माझ्याकडे न बघता तो म्हणाला, “नाई माय. दारं हायेत. आत रातच्या फोटोसाठी उजेडाचे नळे असतेत, खाली सोडाले.”

“अन् फोटो पाहून मंग काय करते?”

“मंग दुसरे इमानं जातेत.”

मी कपाळावर हात मारला. संपलं सगळं! पण माय शांतच. “लग्नाचे फोटो काढाले सरकार इमान धाडत नाई,” ती म्हणाली, “येवढं समजते मले.”

“मंग पयलं शील काहून म्हनत होती?” मी ओरडलेच. दोन महिन्यांचा साठलेला राग एकदम बाहेर आला.

“तू दोन म्हयने भांडली नाई. पोरगी माह्यासाठी येवढं करून राह्यली, मंग मी म्हनू नाई?” तिने विमान माझ्या हातात दिलं. “आता थे दारं मोकळे कर. लबाडी नको घरात.”

पुन्हा पातं घेऊन बसावं लागलं. मामाची लांबी दगडासारखी झाली होती. मी मामाच्या नावाने बोटं मोडत खरवडत होते, दादा विमान धरून बसला होता आणि माय फुंकर मारून भुकटी उडवत होती. खाचा दिसायला लागल्या तेव्हा ती मानेजवळच्या खिडक्यांकडे बोट करून म्हणाली, “याच्यातून घरं दिसते का रे?”

“दिसते माय. वाळू घातलेले लुगडेही दिसते.”

तिने हातावरची भुकटी पदराला पुसली. मग दादाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, “मंग काच चांगली पुसत जाय बाबू. घर हाये थे घरच दिसलं पायजे.”