एक अखंड घावन

सुरुवातीलाच सांगून टाकतो, पुढे लिहिलेलं सगळं नेमकं असंच घडलं याची खात्री माझ्याकडे नाही. चाळीस वर्षं धातुशास्त्र शिकवलं, प्रबंध लिहिला, प्रत्येक विधानाला पुरावा जोडला. पण यातलं काय मंगळवारी घडलं आणि काय शुक्रवारी, असं कोणी विचारलं तर मी गप्प बसेन. मालती, म्हणजे माझी बायको, म्हणते, "तुम्ही सांगता त्यातलं अर्धं झालेलं असतं आणि अर्धं व्हायला हवं होतं." असेलही.

पण किस्से साठतात खरे. स्वयंपाकघरातला खालचा ड्रॉवर उघडून बघा. उलथणी, झारे, डाव, पळ्या. मुद्दाम जाऊन कोणी आणल्याचं आठवत नाही, तरी ड्रॉवर बंद होत नाही! आमच्या क्लासच्या किस्स्यांचं तसंच झालं आहे.

क्लास नौपाड्यात, शीलाताई कांबळे यांच्या घरी. ताईंनी तीस वर्षं एका मोठ्या हॉटेलच्या बेकरीत काढलेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी सोसायटीच्या बोर्डावर कागद लावला : 'स्वयंपाक आणि बेकिंग. फक्त पुरुषांसाठी. वय साठच्या पुढे.' आम्ही चौघे जमलो. मी, बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले सामंत, आंबिवलीहून येणारे गायकवाड, ते कारखान्यात टर्नर होते, आणि कोपरचे म्हात्रे, इमारतींच्या कामांचे कंत्राटदार.

बाकीचे तिघे हौसेने आले होते. मला कारण होतं. आमची मुलगी मृणाल बंगलोरला. तिचं पहिलं बाळंतपण, त्यात डॉक्टरांनी प्रवास बंद केलेला, म्हणजे माहेरी येणं शक्य नाही. मालतीनेच चार महिने तिकडे जायला हवं होतं. आणि मला एकट्याला सोडून जायला ती तयार नव्हती. तिचं चूक नव्हतं. आदल्या वर्षी ती आठ दिवस बहिणीकडे गेली, तेव्हा मी बिस्किटं आणि वडापाव यांवर राहिलो होतो. नवव्या दिवशी माझी शुगर बघून डॉक्टरांनी मला दाखल करून घेतलं.

"माझ्यासमोर एक घावन अख्खं उलटून दाखवा," मालती म्हणाली. "एकच. न मोडता. मग मी तिकीट काढते."

"घावनच का?"

"कारण घावनात तुमची घाबरगुंडी दिसते."

मृणालला तेव्हा सहावा संपत आला होता.

*

पहिल्या दिवशी ताईंनी प्रत्येकाला घरून उलथणं आणायला सांगितलं होतं. सामंतांनी लांब दांड्याचं पितळी आणलं. त्यांच्या घरी त्याला कालथा म्हणतात. गायकवाडांनी रुंद पात्याचा लोखंडी सराटा आणला. मी काळं नायलॉनचं नवं उलथणं आणलं, तेही दुकानाच्या पिशवीसकट, चुकीचं निघालं तर बदलता यावं म्हणून.

म्हात्रे शेवटी आले. त्यांनी खिशातून भिंतीला पुट्टी मारायची स्टीलची पट्टी काढली आणि ओट्यावर ठेवली.

"म्हात्रे, हे काय?" ताईंनी विचारलं.

"बायको किचनमधल्या वस्तूला हात लावू देत नाय, ताई. सांगते, तुमचा सामान तुमच्याकडं, माझा सामान माझ्याकडं. मंग मी माझा सामान घेऊन आलो. नवीकोरी हाय, भिंत बघितली नाय तिनं अजून!"

आम्ही हसलो. ताई हसल्या नाहीत. त्यांनी पट्टी गरम पाण्याने धुतली, अंगठ्याने धार बघितली आणि जपून ठेवली.

महिन्याभराने क्रीमच्या केकचा धडा आला. ताईंनी प्रत्येकाला एक लांब, बोथट, वाकणारं पातं दिलं. केकच्या अंगाला क्रीम सारखं करायला हेच वापरतात. माझ्या केकला जागोजागी पोटं सुटली. सामंतांचा एका बाजूला झुकला. म्हात्रेंनी मात्र आपली पट्टी मागून घेतली, केक फिरत्या ताटलीवर ठेवला, पट्टी उभी धरली आणि ताटली एकदाच फिरवली. केकची कड नव्या इमारतीसारखी सरळ! वर त्यांनी पिशवीतून पाणलेव्हल काढून केकवर आडवी धरली, बुडबुडा मधोमध आलेला आम्हाला दाखवला आणि म्हणाले,

"ताई, हा फर्स्ट कोट. सुकला की दुसरा मारू."

*

आता माझा किस्सा. तो गायकवाड सगळीकडे सांगत फिरतात, तेव्हा मीच सांगितलेला बरा.

ताईंनी नवाकोरा नॉनस्टिक तवा काढला. "याला फक्त लाकडी नाहीतर सिलिकॉनचं उलथणं," असं बजावून त्या फोन घ्यायला बाहेर गेल्या.

गायकवाडांनी विचारलं, "सर, असं का हो?"

मला इतकंच पुरतं. मी समोर होता तो लोखंडी सराटा उचलला आणि सुरू झालो. कोणता पदार्थ कोणत्या पदार्थावर ओरखडा काढू शकतो, लेप किती पातळ असतो, तो मऊ का असतो. बोलता बोलता मी सराट्याच्या टोकाने तव्यावर आकृती काढली. 'हा धातू, हा लेप.' आणि मुद्दा महत्त्वाचा होता, म्हणून चाळीस वर्षांच्या सवयीने त्याच्याखाली दोनदा रेघ मारली.

मागे ताई उभ्या होत्या.

मी इतकी माफी मागितली की शेवटी त्यांनाच माझी दया आली. "असू दे हो सर," त्या म्हणाल्या. "आम्हाला कळलं. आता तव्यालाही कळलं!"

*

सामंत शिस्तीचे. पीठ पातेल्यातून ओतल्यावर कडेला काही राहू नये म्हणून सिलिकॉनचं लवचीक उलथणं असतं, हे कळल्यावर त्यांना नवा छंदच लागला. त्यांचं पातेलं इतकं स्वच्छ निघायचं की ताई म्हणायच्या, "सामंत, हे घासायला टाकायचं की कपाटात ठेवायचं?"

एका शुक्रवारी ते पाच वर्षांच्या नातीला, ईराला, घेऊन आले. तिने पायांतून सँडलही काढल्या नाहीत. थेट ताईंसमोर उभी राहिली.

"तुम्ही आजोबांना शिकवता?"

"हो गं. काय झालं?"

"आजी केक करायची तेव्हा मला पातेलं चाटायला मिळायचं. आता आजोबा करतात. त्यात काहीच नसतं!"

ताईंनी तिचं म्हणणं शेवटपर्यंत गंभीरपणे ऐकून घेतलं. मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, "लिहून घ्या. घरात लहान मूल असेल तर पातेल्यात दोन बोटं पीठ मागे ठेवायचं."

सामंतांनी खरोखर लिहून घेतलं. वर विचारलं, "दोन बोटं कोणाची, ताई? माझी की हिची?"

*

इकडे घरी माझा सराव चालू होता. मालती रोज सकाळी तांदळाचं पीठ भिजवून द्यायची आणि मी रोज घावन मोडायचो. कडा सुटायच्या, मध्यभाग चिकटायचा. चिकटलेला दिसला की मी घाबरायचो, आणि घाबरून ढोसायचो.

मी दोष उलथण्याला दिला. पातं चिकटतं म्हणजे घावनाला भिडणारा त्याचा पृष्ठभाग जास्त. भोकं असली तर तो कमी होईल! तर्क बिनचूक वाटला, म्हणून मी पुऱ्या तळायचा झारा घेतला. घावन अजून कच्चंच होतं. मी झारा खाली सरकवला, उचलला, आणि पीठ सगळ्या भोकांतून खाली गळायला लागलं.

मालती पाणी प्यायला आत आली होती. तिने तव्यात डोकावून बघितलं.

"शेवया का?" तिने विचारलं.

त्याच दुपारी मृणालचा व्हिडिओ कॉल आला. "बाबा, आई कधी येतेय?"

"बाबांनाच विचार," मालती म्हणाली आणि फोन माझ्या हातात दिला. मृणालचे पाय सुजलेले होते, ती उशीला टेकून बसली होती. "आठवा लागला बाबा," एवढंच ती म्हणाली. मी तिला म्हटलं, होतंय, जवळजवळ होतंय. तसं काही होत नव्हतं.

*

मी हे क्लासमध्ये बोललो नव्हतो, पण गायकवाडांच्या लक्षात आलं असावं. एका मंगळवारी ते आले, शीलाताईंना "जय भीम, ताई" म्हणाले, ताईंनीही "जय भीम" म्हटलं, आणि गायकवाडांनी कागदात गुंडाळलेली चार उलथणी टेबलावर ठेवली. ओळखीच्या वर्कशॉपमध्ये जाऊन स्वतः बनवलेली! पातं कागदासारखं पातळ, पुढची धार एका बाजूने तासलेली, दांडा हाताला बसेल असा किंचित वाकवलेला. प्रत्येकावर नाव ठोकलेलं. माझ्यावर नुसतं 'सर'.

मी भारावलो. पोलाद हातात घेऊन मी त्याबद्दल पाच मिनिटं बोललो. कडकपणा, लवचीकपणा, धारेचा कोन. गायकवाड आदराने ऐकत होते. नंतर पंधरा दिवस मी त्याच उलथण्याने घावनं मोडत होतो, पूर्वीपेक्षा जास्त वेगाने.

शेवटी गायकवाडांनी क्लासमध्ये मला उलटताना बघितलं. त्यांनी हळूच माझं मनगट धरलं आणि उलथणं अर्धं वळवून परत माझ्या हातात दिलं.

"सर, धातूबद्दल तुम्ही बोललात ते सगळं बरोबर होतं," ते म्हणाले. "फक्त टूल उलटं धरलं होतं."

शीलाताईंनी एकच गोष्ट जोडली. "सर, तुम्ही ते उलटताना श्वास रोखता. घावन म्हणजे तुमची तोंडी परीक्षा नाही. कडा स्वतःहून वर येतात, तोवर दुसरीकडे बघा."

मी दुसरीकडे बघायला लागलो. आता पाचातलं एखादं अर्ध्यापर्यंत सुटायचं.

*

मग परीक्षेचा रविवार आला. तारीख मालतीनेच ठरवली. त्यानंतर गेलं तर उशीर झाला असता. सकाळी दहा वाजता ती जेवणाच्या टेबलाशी, तव्याकडे तोंड करून बसली. हातात पेपर, डोळ्यांवर चष्मा.

"सुरू करा."

मी बिडाच्या तव्यावर कांद्याने तेल फिरवलं. पीठ ओतलं. चर्र झालं, जाळी पडली. झाकण ठेवलं, काढलं. कडा वर यायला लागल्या. मी खिडकीकडे बघितलं. परत तव्याकडे बघितलं. उलथणं धरलं, बाजू दोनदा तपासली, आणि कडेखाली सरकवलं. सरकलं! आणि मध्यावर येऊन अडकलं.

तेवढ्यात बेल वाजली.

"कोण आहे बघा," मालती म्हणाली.

"अगं, तू बघ ना! माझं घावन—"

"मी परीक्षक आहे. परीक्षकाने जागा सोडायची नसते."

मी गॅस बारीक केला आणि धावलो. दारात समोरच्या देसाई वहिनी. "सर, एक विचारायचं होतं. आमच्या स्टीलच्या हंड्याला आतून पांढरा थर कसला धरतो हो?"

आता हा प्रश्न कोणी विचारला तर मी काय करणार! मी थोडक्यात सांगितलं. पाण्यातले क्षार, ते कसे खाली बसतात, स्टीलला त्याने अपाय का होत नाही. दोनच मिनिटं बोललो असेन. वहिनींनी मान डोलावली, आभार मानले आणि गेल्या.

आत आलो. एक्झॉस्ट फॅन चालू होता. मालती जागच्या जागी पेपर वाचत होती. आणि तव्यावर घावन उलटलेलं होतं. अखंड! पांढरंशुभ्र, जाळीदार, पौर्णिमेच्या चंद्रासारखं गोल.

"छान झालंय," मालती पेपरातून मान वर न करता म्हणाली. "उलटून जायचं होतं तर झाकण तरी ठेवायचं."

"मी उलटलं?"

"मग कोणी? मी इथे बसलेय."

मी विचार करायला लागलो. उलथणं अडकलं होतं हे आठवत होतं. पण त्यानंतर, बेल वाजली तेव्हा, दचकून मनगटाला एक झटका बसला होता का? बसला असावा. घावन खाऊन होईपर्यंत तो झटका मला बऱ्यापैकी आठवायला लागला. संध्याकाळपर्यंत त्याचा कोनही आठवला. मंगळवारी क्लासमध्ये मी तो सगळ्यांना करून दाखवला. गायकवाडांनी टाळ्या वाजवल्या, म्हात्रेंनी माझ्या पाठीत गुद्दा घातला, सामंतांनी झटका वहीत लिहून घेतला.

मालतीने तिकीट काढलं. ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच तव्यासमोर उभा राहिलो. झटका मला येतच होता, त्यामुळे भीती वाटली नाही. घावन उलटलं, मोडलं नाही. चार महिन्यांत मोडली ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. शुगर ठीक राहिली. मृणालला मुलगा झाला. तो आता दुसरीत आहे.

देसाई कुटुंब मधल्या काळात कल्याणला राहायला गेलं. परवा त्यांच्या मुलाच्या लग्नात, कल्याणच्याच एका हॉलमध्ये, वहिनी भेटल्या. मी त्यांना हंड्याबद्दल विचारलं, थर अजून धरतो का म्हणून.

"कुठला हंडा?" त्या म्हणाल्या आणि एकदम हसायला लागल्या. "अहो सर, तो होय! मालतीताई आदल्या दिवशीच सांगून गेल्या होत्या. सव्वादहाला बेल वाजवा आणि यांना पाण्यातल्या क्षारांचं काहीतरी विचारा, मला दोन मिनिटं हवीत. तुम्ही अठरा मिनिटं बोलत होतात! तोवर आत ते घावन करपलं, बिचाऱ्यांना दुसरं घालावं लागलं!"

आम्ही दोघं घरी आल्यावर मालती दाराशी चपला काढत होती, तेव्हा विचारलं.

"वहिनी म्हणतात ते खरं आहे? ते घावन दुसरं होतं?"

"नाही हो," मालती चपला कोपऱ्यात सरकवत म्हणाली. "तिसरं."