लोकरीला विटाळ नसतो

ती सकाळ आजही डोळ्यांपुढे तशीच उभी राहते. नदी धुक्यात बुडालेली, पलीकडच्या विद्यापीठाचे दिवे पुसट झालेले. पोलीस निरीक्षक म्हणून निवृत्त झालो आणि २०२० मध्ये आयर्लंडला मुलीकडे गेलो, तो लॉकडाऊनमध्ये तिथेच अडकलो. म्हणजे ही केस माझी नव्हे. तरी नोकरीतल्या कुठल्याही केसपेक्षा मला हीच जास्त आठवते.

वर्ग बंद, रस्ते रिकामे. नदीवरचे हंस तेवढे ड्युटीवर. ते सगळे दिवस मी अर्धवट झोपेत काढल्यासारखे वाटतात.

त्या पहाटे नदीकाठच्या पायवाटेवर एका वयस्क गृहस्थाचं प्रेत पडलं होतं. डोक्यावर जबर मार. आमच्या शेजारी भाड्याने राहणारा सांगलीचा एक विद्यार्थी फिरायला गेला होता, त्याने ते पाहिलं. तो घरी धावत आला, कपड्यांसकट अंघोळ केली, कपडे धुऊन दोरीवर टाकले आणि मग कुठे गार्डांना, म्हणजे तिथल्या पोलिसांना, फोन केला. त्याचं धावत येणं आणि ओले कपडे वाळत टाकणं समोरच्या बाईंनी खिडकीतून पाहिलं आणि गार्डांना खबर दिली. गार्डांनी ओले कपडे जप्त केले, त्याची कसून चौकशी केली आणि गाव सोडायचं नाही असं बजावून सोडलं.

तिथून तो थेट आमच्याकडे आला. "काका, आय स्वेअर, मी फक्त नाडी बघितली. त्यांना वाटतंय मी एव्हिडन्स धुतला!"

मीही पोलीसच. पोर रडतंय म्हणून विश्वास ठेवायची सवय नाही. स्वयंपाकघरात समोर बसवलं आणि सगळं शेवटाकडून सुरुवातीकडे सांगायला लावलं. रचून सांगणारा माणूस इथे हमखास अडखळतो. हा अडखळला नाही.

"आधी फोन का नाही केलास?"

"फोन खोलीतच होता. पण प्रेताला हात लागला होता ना, काका. आज्जी तशा वेळी घरात कश्शाला शिवू द्यायची नाही. मला काही सुचलंच नाही, सरळ शॉवरखाली गेलो."

प्रेताचा पंचनामा करून घरी आलो की आमची ही दाराबाहेर बादली भरून ठेवायची. पण हे गार्डांना कोण सांगणार? आणि सांगून तो पुरावा थोडाच होतो?

मग एकदम सुचलं. "थंडी होती. वरून काय घातलं होतंस?"

"स्वेटर. आईने विणलेला."

"तोही धुतलास?"

"नाही. लोकरीला विटाळ नसतो ना. दारामागे टांगलाय."

"हात लावू नकोस त्याला!" मी ओरडलोच.

एका वकिलामार्फत तपास अधिकारी बाईंना बोलावलं. सोवळ्याओवळ्याचं माझं पुराण त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, "फेअर प्ले टु यू", म्हणजे तिकडचं शाब्बास, म्हणाल्या आणि स्वेटर पिशवीत सील केला. त्याच्या अंगात हाच स्वेटर होता, हे समोरच्या बाईंनीच ओळखून सांगितलं. रक्त फक्त बाहीच्या टोकाला पुसलेलं होतं. ज्याने घाव घातले त्याच्या अंगभर शिंतोडे उडाले असते. संशय टळला. पुढे कॅमेऱ्यांवरून खरा आरोपी सापडला, मृताच्याच ओळखीतला.

२०२१ मध्ये खटला उभा राहिला, तेव्हाही मी तिथेच होतो. उलटतपासणीत आरोपीच्या वकिलाने साक्षीला उभ्या असलेल्या आमच्या पोराला विचारलं, "तुम्ही अंघोळ करत होता तेव्हा तो माणूस जिवंत असेल, तर?" मृत्यू पोर तिथे पोचण्याआधीच झाला होता, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि आरोपीला शिक्षा झाली. पण तो प्रश्न पोराच्या मनातून जाईना.

निकालानंतर मृताची पत्नी त्याच्यापाशी आली. "हात तुम्हीच धरला होता ना त्यांचा?" तो कसाबसा "हो" म्हणाला. "थँक यू, लव्ह," असं बाळ म्हणावं तसं म्हणून ती निघून गेली.

धुतलेला डाग दिसला की आम्ही पोलीस गुन्हा शोधतो. कधीकधी तिथे नुसती आजीची शिकवण असते, हे मला निवृत्तीनंतर कळलं.

निकालाच्या दिवशी संध्याकाळी तो आमच्या दारात आला आणि उंबऱ्याबाहेरच थांबला. "आज कुणाला शिवलो नाही, काका. तरी अंघोळ करावीशी वाटतेय."

पाणी मी आधीच तापवून ठेवलं होतं.