देवाजींची तिसरी पुकार

माझे आजोबा देवाजी दुर्गे आदिलाबादच्या तहसील कचेरीत चौतीस वर्षं अटेंडर होते. अटेंडर म्हणजे शिपाई, पण आमच्या घरात शिपाई म्हटलेलं आजीला चालत नाही. "शिपाई पोलिसात असते," ती म्हणते. "हे दाराचे मालक होते."

ते खरंच आहे. तहसीलदार आत बसून जमिनीच्या तंट्यांची सुनावणी करायचे आणि बाहेर चिंचेखाली बसलेल्या लोकांतून ज्याची पाळी असेल त्याला हाक मारायचं काम आजोबांचं. त्याला पुकार म्हणतात. नाव तीनदा घ्यायचं. पहिल्यांदा जुन्या कचेरीच्या उर्दूत, "नागोराव वल्द भिवाजी, हाजिर हैऽऽ?" दुसऱ्यांदा तेलुगूत, "उन्नाराऽ?" आणि तिसऱ्यांदा आपल्या बोलीत, "हाय काऽऽ?" तिसऱ्या पुकारेलाही कोणी हाजिर म्हटलं नाही, की आजोबा आत जाऊन सांगायचे, "गैरहाजर, साहेब." मग त्याचे कागद गठ्ठ्याच्या तळाशी. माणूस ओळखीचा असो, समोर उभा दिसत असो, पुकारणाऱ्यानं त्याच्या वतीनं बोलायचं नाही. एकदा आजीचे सख्खे भाऊ समोरच्या हॉटेलात चहा पीत पुकार ऐकून हसत बसले होते. आजोबांनी त्यांनाही गैरहाजर लावलं. आजी त्यावरून अजून बोलते.

ही पुकार मला हुबेहूब येते. मान थोडी वर, डावा हात कानामागे, आणि 'हाजिर' नाकातून. घरी पाहुणे आले की चहाच्या आधी मला करायला लावतात. आजोबा कोपऱ्यात बसून बोटानं ताल धरतात.

२००६च्या दिवाळीच्या सुट्टीत बाबांनी आम्हाला जहाजावर न्यायचं ठरवलं. ते नेरडीगोंड्याला बँकेत क्लार्क आहेत, बँकेची प्रवासाची सवलत होती. मुंबईहून गोवा, लक्षद्वीप आणि परत, चार रात्री. बुकिंग त्यांनी आजोबांच्या नावावर केलं. म्हणाले, "यादीत पयलं नाव बापाचं पायजे." बाबा घराबाहेर असं बोलत नाहीत. घराबाहेर ते 'पाहिजे' म्हणतात, तेही जपून, दाताखाली खडा आल्यासारखं.

बंदरावरच्या हॉलमध्ये आम्ही बारा वाजताच पोचलो. जहाज सुटणार होतं सहाला आणि आत जायचं दार पाचला बंद होणार होतं. काचेतून जहाज दिसतच नव्हतं, दिसत होती नुसती पांढरी भिंत, वरपर्यंत खिडक्याच खिडक्या. आजी बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "अन् हे एवढी बिल्डिंग हालते म्हणता?"

"हळू बोल," बाबा म्हणाले.

आईनं स्टेशनवरच आजीच्या लुगड्यावर शाल घातली होती. मुंबईतल्या नोव्हेंबरच्या उकाड्यात. आजोबांनी मात्र इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, गळ्यापर्यंत बटणं लावलेला, खिशाला पेन. ते सगळ्यात पुढच्या बाकावर, दाराशेजारी जाऊन बसले. सवयच ती.

मला पुण्याची दोन भावंडं भेटली. बहीण माझ्याएवढी, भाऊ थोडा लहान. त्यांचं हे तिसरं जहाज होतं. "ॲक्चुअली सिंगापूरचं जास्त मोठं होतं," बहीण म्हणाली. तिचं बोलणं मी पाच मिनिटांत उचललं. मग मला हुक्की आली. मी काउंटरवरच्या मॅडमची नक्कल केली, 'प्लीऽज बी सीटेड, सर'. ती दोघं पोट धरून हसली. मग एका जाड्या काकांची. मग अजून काय येतं विचारलं, तेव्हा मी मान वर केली, हात कानामागे नेला आणि पुकार केली. तिन्ही भाषांत.

"कोण आहे हा?" भावानं विचारलं.

"आमच्या गावचा एक म्हातारा," मी म्हणाले. "कचेरीतला प्यून."

आजोबा दोन बाकांपलीकडे पाठमोरे बसले होते. त्यांना अलीकडे कमी ऐकू येतं, असं मी धरून चालले होते.

अडीचच्या सुमाराला मॅडमचा माइक बिघडला. एकेका कुटुंबप्रमुखाचं नाव घेऊन काउंटरवर बोलवायचं, फोटो काढायचा, कार्ड द्यायचं, असं चाललं होतं. माइक गेल्यावर मॅडम तोंडानंच नावं घेऊ लागल्या. आवाज पहिल्या बाकापर्यंतही जात नव्हता. लोक उठून काउंटरला चिकटले. कोणाचं नाव झालं, कोणाचं राहिलं, काही कळेना. जाडे काका ओरडायला लागले.

तेव्हा आजोबा उठले. काउंटरपाशी गेले, मॅडमच्या हातातल्या यादीवर वाकून पहिलं नाव वाचलं आणि हॉलकडे तोंड केलं.

"अग्रवाल, हाजिर हैऽऽ?"

काउंटरला चिकटलेले लोक मागे वळले. मग लांबच्या खांबामागून कोणीतरी म्हणालं, "हां, हां, इधर." आणि हॉल हसला.

मॅडमनी एकदा इकडेतिकडे पाहिलं आणि यादी आजोबांच्या हातात दिली. दोन मिनिटांत बाक पुन्हा भरले. जो उठायचा तो नाव ऐकूनच उठायचा. दुसऱ्या पुकारेला 'उन्नाराऽ' आलं की पोरंही मागून 'उन्नाराऽ' ओरडायची. कोणी मोबाईलनं फोटो काढत होतं. आजोबांचं त्याकडे लक्ष नव्हतं. चिंचेखालीही लोक हसायचेच.

"अगं, हाच तो!" पुण्याची बहीण मला हलवत म्हणाली. "तुझ्या गावचा. तू सेम केलंस."

"असेल," मी म्हणाले.

बाबांनी पेपर उघडून तोंडापुढे धरला होता. आई पायाजवळच्या पिशवीची चेन उघडत होती आणि लावत होती. आजीनं शाल काढून मांडीवर ठेवली आणि ताठ बसली. तिला यात गैर काही वाटत नव्हतं. तिच्या लेखी नवरा ड्यूटीवर होता.

मग आजोबांनी यादीवर बोट ठेवलं आणि ते बोट तिथंच थांबलं. मला लगेच कळलं. त्यांनी चष्मा वर केला, शर्ट खाली ओढला.

"देवाजी वल्द बापूजी दुर्गे, हाजिर हैऽऽ?"

वल्द, म्हणजे अमक्याचा मुलगा, हे त्यांनी आपल्याकडून घातलं होतं. यादीत बाप कुठे असतो? आमचे पणजोबा बापूजी दुसऱ्याच्या शेतात सालदार होते, वर्षाच्या बोलीवर राबायचे. कुठल्याही कचेरीत त्यांच्या नावाची पुकार कधी झाली नसेल.

आमच्यापैकी कोणीतरी हाजिर म्हणायचं होतं, एवढंच. बाबांचा पेपर हलला नाही. आजी बाबांकडे बघत राहिली. मुलगा असताना बाईनं कसं बोलायचं, असं तिचं असतं.

"दुर्गे, उन्नाराऽ?"

मागून पोरं ओरडली. आजोबा आता सरळ माझ्याकडे बघत होते. हसत नव्हते, रागावले नव्हते. त्यांना खात्री होती, असं वाटलं. घरातली पुकार येणारी मीच होते ना. माझ्या शेजारी पुण्याची बहीण तोंडावर हात ठेवून हसत होती. मी हाजिर म्हटलं असतं तर 'गावचा एक म्हातारा' कोणाचा म्हातारा आहे ते तिला कळलं असतं. मी बुटाच्या नाडीकडे खाली वाकले. नाडी बांधलेलीच होती.

"देवाजी बापूजी दुर्गे, हाय काऽऽ?"

आपल्या बोलीतली ही तिसरी. तिचा शेवट आजोबा नेहमी लांबवतात, चिंचेपलीकडच्या हॉटेलपर्यंत जावा म्हणून. या वेळी जरा जास्तच लांबवला. मग मॅडमकडे वळून ते नेहमीच्या आवाजात म्हणाले, "गैरहाजर, मॅडम."

आणि पुढचं नाव घेतलं.

पावणेपाचला यादी संपली. पुण्याची मंडळी कधीच आत गेली होती. हॉलमध्ये आम्ही पाच जण आणि मॅडम. आजोबांनी यादी दोन्ही हातांनी परत दिली आणि बाकावर येऊन बसले. बाबा उठले, "चला," म्हणाले, पण आजोबांकडे न बघता.

"चला कसं?" आजोबा म्हणाले. "गैरहाजर लागली. आता अर्ज द्या लागते."

आजी म्हणाली, "बाप्पा, पोट्ट्याचा काऊन जीव खाऊन राह्यले? उठा."

"नियम हाय," आजोबा म्हणाले. ते चेष्टा करत नव्हते.

मी काउंटरवर गेले. "आम्ही दुर्गे," मी म्हणाले. "ते देवाजी दुर्गे. माझे आजोबा." ऐकायला फक्त मॅडम होत्या. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पाच कार्डं काढायला घेतली. इतकं सोपं होतं ते, कोणी नसताना.

परत आले तर आजोबा सरकून बसले, मला जागा द्यायला. "तुही पुकार आयकली म्या मघाशी," ते म्हणाले. "आवाज चांगला हाय. हाजिर मात्र लवकर तोडतं तू. ओढा लागते."

म्हणजे त्यांना सगळं ऐकू आलं होतं. पुकारेनंतर मी जे म्हणाले तेही.

जहाजावर चढायच्या उतारावर वारा होता. वर कठड्याशी पुण्याची भावंडं वाकून उभी होती. मला बघून बहिणीनं हात हलवला. मग तिला माझ्याशेजारी आजोबा दिसले.

"अगं, हे तुमच्याबरोबर आहेत?" ती वरून ओरडली.

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. तेवढ्यात आजोबांनी माझ्या खांद्यावरची पिशवी काढून आपल्या खांद्यावर घेतली, दोन पावलं मागं झाले आणि वर बघून म्हणाले, "सामान आणून देऊन राह्यलो, बेटा."

मी चालत राहिले.

पुढचे चार दिवस आजोबा आमच्याबरोबर नीट वागले, समुद्र बघितला, आजीला डॉल्फिन दाखवले. फक्त ती दोन पोरं जेवायच्या हॉलमध्ये असली की आजोबांना भूक नसायची. बाबांना वाटलं, जहाज लागलं असेल. त्यांनी गोळीही आणून दिली. आजोबांनी ती घेतली. मला कारण पहिल्याच रात्री कळलं होतं, आणि मी चारही दिवस त्या दोघांच्या टेबलावर जेवले.